हमूदच्या बंदुकीची नळी

बंदूक हातात आल्याबरोबर भिकाजी मेस्त्रीनं आधी ती रिकामी आहे का ते पाहिलं. दस्त्याखालची तरफ ओढून मागचं तोंड उघडलं, आत बोट घालून चाचपलं, मग पुढून नळीत लांब सळई सारली आणि ती मागून बाहेर आलेली डोळ्यांनी बघितली. या सगळ्याला त्यानं जरा जास्तच वेळ लावला. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला हमूद बिन सैफ त्याच्याकडे कौतुकानं बघत होता. इतका सावध कारागीर आता कुठे मिळतो, असं त्या नजरेत होतं, आणि भिकाजीला नेमकी तीच नजर सोसवत नव्हती.

हमूदच्या उजव्या गालावर, पांढऱ्या दाढीच्या जरा वर, रुपयाएवढा काळपट डाग होता. गेल्या ईदला त्यानं अंगणात बार काढला तेव्हा धूर नळीच्या तोंडातून यायचा तो आला, पण थोडा मागून, नळी जिथे लोखंडी पेटीत बसते त्या सांध्यातूनही आला, आणि गाल भाजला. हे सगळं तो हसत हसत सांगत होता. बंदूक म्हातारी झाली, दमली, तिला एकदा पूर्ण खोलून साफ करून घट्ट करायला हवी, असं त्याचं म्हणणं. पुढच्या गुरुवारी नातवाचं, बदरचं, लग्न होतं.

"इस बार बदर चलाएगा," हमूद म्हणाला. "मेरे हाथ में अब ताकत नहीं. तुम नली निकालो, उस्ताद, अंदर देखो. मैं इधर बैठता हूँ."

हमूद ओमानी असला तरी मस्कतच्या बंदरात उमेदीची वर्षं काढल्यामुळे हिंदी बोलायचा, आणि भिकाजी तीस-बत्तीस वर्षांत अरबी शिकला होता ती पंपापुरती. दोघांचं बोलणं या दोन भाषांच्या मध्ये कुठेतरी चालायचं आणि कधी अडायचं नाही. आज मात्र भिकाजीला तोंडातून शब्द काढणं जड जात होतं. बंदूक ठेवून जा, दोन दिवसांनी या, असं त्यानं दोनदा सुचवून पाहिलं. हमूदनं दोन्ही वेळा हात हलवला, थर्मासमधून छोट्या पेल्यांत कहवा ओतला आणि खजुरांचा डबा उघडून पुढे सरकवला. एवढ्या वर्षांत आपण आपल्या आजोबांच्या बंदुकीचं पोट कधी पाहिलं नाही, आज बघायचंच, असं त्यानं ठरवलं होतं. म्हाताऱ्या माणसानं एकदा बसायचं ठरवलं की त्याला उठवणं सरकारलाही जमत नाही.

भिकाजीचं वर्कशॉप म्हणजे ओमानमधल्या निझवा गावातल्या भाड्याच्या घरामागची पत्र्याची शेड. एक जुना लेथ, एक उभं ड्रिल, एक वाइस आणि भिंतीवर आकारानुसार टांगलेले पान्हे. कुडाळजवळच्या गावातून तो इथे आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, आता साठीला आला होता. आधी नासिर नावाच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, गॅरेजात होता. नासिर वारल्यावर मुलांनी गॅरेज मोडून तिथे मोबाइलची दुकानं काढली, पण भिकाजीला त्यांनी वाऱ्यावर सोडलं नाही. जुना लेथ आणि ही शेड त्याला वापरायला दिली. आसपासच्या खजुराच्या बागांतले पाण्याचे पंप बिघडले की लोक पिकअपमध्ये टाकून सरळ इथे आणत. शाफ्ट नवा करायचा असो की बुश बसवायचा असो, "उस्तादकडे न्या" हे ठरलेलं. आणि हा उस्ताद शब्द पहिल्यांदा त्याला लावला होता तो हमूदनंच, याच बंदुकीपायी.

ते साल होतं पंच्याऐंशी. तेव्हाची जुनी नळी तोंडाशी फुगली होती, म्हणून हमूदनं शुक्रवारच्या बाजारातून तसल्याच दुसऱ्या बंदुकीची नळी विकत आणली होती. तिच्या बुडाचे आटे या बंदुकीच्या पेटीत बसत नव्हते. ते लेथवर उतरवून नवे पाडायचे होते. नासिरनं विचारलं, जमेल का, आणि नव्या दमाचा भिकाजी म्हणाला, त्यात काय. हमूदच्या धाकट्या भावाचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं, त्यामुळे काम त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत व्हायला हवं होतं. आणि तो दिवस नेमका खंडेनवमीचा होता.

भिकाजीचा बाप गावचा लोहार. खंडेनवमीला त्यांच्या घरी हातोडा, सांडशी, ऐरण सगळं धुऊन पुसून मांडलं जायचं, हळदकुंकू लागायचं, झेंडूचं फूल वाहिलं जायचं, आणि दसरा उजाडेपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर आपल्यासाठी राबणाऱ्या लोखंडाला एक दिवस सुट्टी, असं बाप म्हणायचा. अर्बाबला हे कोण समजावणार. भिकाजीनं मनाशी सोयीचा हिशेब मांडला, लगेच सुरू करू, चारच्या आत उरकू, आणि दिवेलागणीला का होईना लेथची पूजा करू. देवाला थोडं थांबवता येतं, अर्बाबला येत नाही.

घाईत शेवटचा काप खोल गेला. केसभरच, पण आट्यांत केसभर म्हणजे फार झालं. नळी पेटीत गेली आणि डुगडुगली. दुसरी नळी नव्हती. पासपोर्ट अर्बाबच्या कपाटात होता आणि गावी नुकतंच लग्न होऊन आलेली सुगंधा होती. भिकाजीनं गॅरेजच्या कचऱ्यातून दूध पावडरीचा, गाय छापलेला पिवळा डबा शोधला, त्याच्या पातळ पत्र्याची पट्टी कापली, ती आट्यांभोवती गुंडाळली आणि नळी पिळून आत बसवली. घट्ट बसली. मग फिरू नये म्हणून खालून, लाकडाच्या आड येईल अशा जागी, पेटीतून आणि आट्यांच्या कडेतून आरपार भोक पाडून पिन ठोकली, कानशीनं सपाट केली, तेल जाळून काळी केली. बोट फिरवलं तरी कळेना. पाच वाजता त्यानं हात धुतले आणि लेथला कुंकू लावलं. त्या वेळी बाप समोर नव्हता, याचंच त्याला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बार दणक्यात वाजला. हमूद हलव्याचं भांडं घेऊन गॅरेजात आला, चार लोकांदेखत भिकाजीला मिठी मारली आणि उस्ताद म्हणाला. गावोगाव नाव झालं. पंप येऊ लागले. यानंतर भिकाजीनं एकही काम खोटं केलं नाही, पण चोराच्या मनात चांदणं. कुठल्या गावात लग्न आहे असं ऐकलं की तिथे हमूद बंदूक नेणार का, हे तो आडून विचारायचा. हमूदला त्यानं दोन-तीनदा म्हणून पाहिलं, एकदा बंदूक आणा, साफ करून देतो. चांगली चालतेय, तिला कशाला त्रास, असं उत्तर यायचं. आणि खंडेनवमीला तर त्यानं पुन्हा कधी पान्ह्याला हात लावला नाही. एकदा भर उन्हाळ्यासारख्या ऑक्टोबरात कुणाच्या बागेचा पंप बंद पडला, मालक दारात येऊन बसला, तरी भिकाजी उठला नाही. शेजारचा शिंपी जनार्दन तेव्हा सगळ्यांना सांगत फिरला होता की, असा श्रद्धाळू माणूस आखातात दुसरा नाही. भिकाजीनं ते ऐकून घेतलं. दुसरं काय करणार होता.

आणि आता दोन महिन्यांनी तो कायमचा गावी निघाला होता. व्हिसा संपत आला होता, खोक्यांवर, पुढे इथेच राहायला आलेल्या सुगंधाच्या अक्षरात पत्ता लिहून झाला होता. झाकली मूठ झाकलेलीच राहून विमानात बसणार, असं वाटत असतानाच ही बंदूक घोंगडीत गुंडाळून दारात आली होती.

त्यानं पुढचं लाकूड उतरवलं, मागचा दस्ता काढला, पेटीतले भाग एकेक करून फडक्यावर मांडले. हमूद प्रत्येक भाग हातात घेऊन बघत होता आणि नाव विचारत होता. मग भिकाजीनं नळी चामडं लावलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांत धरून वाइसमध्ये आवळली, सांध्यावर तेल सोडलं, पेटीला मोठा पान्हा लावला आणि जोर केला. काहीच हललं नाही. हलणार नव्हतंच. पिन काढल्याशिवाय ती नळी हत्तीनं ओढली तरी फिरली नसती, आणि पिन कुठे आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. तो हमूदसमोर ती काढू शकत नव्हता. म्हणून खोटा जोर लावत राहिला, घाम पुसत राहिला.

"देखा?" हमूद खूश होऊन म्हणाला. "तीस साल हो गया, फिर भी कितना मज़बूत. तुम्हारा काम है."

भिकाजीनं मान खाली घालून पुन्हा तेल सोडलं.

दुपारी मशिदीतून बांग ऐकू आली तसा हमूद उठला. नमाज पढून, वाटेत भाच्याला भेटून येतो, तासभर लागेल म्हणाला. त्याची काठी फाटकाबाहेर गेल्याचा आवाज आला, आणि भिकाजीनं बारीक पंच उचलला. जागा त्याला शोधावी लागली नाही. तीन ठोक्यांत पिन खाली पडली. पान्ह्याची गरजच उरली नाही, नळी त्याच्या हातानं फिरली, सहा-सात वेढे, आणि बाहेर आली. तिच्यासोबत ती पट्टीही आली. अर्धी जळून काळी झाली होती. उरलेल्या भागावर पिवळा रंग होता आणि एका गाईचं शिंग आणि कान अजून ओळखू येत होता.

मग त्यानं चष्मा लावून नळीचं बूड उजेडात धरलं. पिनेच्या भोकापासून एक बारीक रेघ निघून वर गेली होती. त्यानं नखानं चाचपली. रेघ नव्हती, तडा होता. अजून एखाद-दुसरा बार, फार तर तीन. आणि पुढच्या गुरुवारी ही बंदूक पंचवीस वर्षांच्या बदरच्या गालाला लागणार होती.

सुगंधा ताट घेऊन आली ती दारातच थांबली. नवऱ्याचा चेहरा बघून तिला वाटलं, छातीत दुखतंय. तिनं ताट लेथवर ठेवलं आणि त्याच्या कपाळाला हात लावला. भिकाजीनं तिला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. पट्टी दाखवली, तडा दाखवला. ती पदराशी चाळा करत ऐकत राहिली.

"इतकी वर्षां," ती शेवटी म्हणाली, "तुमी माका सुद्धा सांगूक नाय."

"कोणाक सांगतलंय गो?"

ती व्यवहाराचं बोलली. बंदूक चालवायची नाही हे तर सांगायलाच हवं, त्यात वाद नाही. पण जुनं लोखंड आहे, तडकलं, इतकं सांगितलं तरी काम भागतं. ते खोटंही नाही. दोन महिने उरलेत. या गावानं आपल्याला मान दिला, पोरीच्या लग्नाला हमूदनं उंटाचं मांस पाठवलं होतं, आता जाताना सगळ्यांच्या मनातून उतरून कशाला जायचं.

"ता खोटा नाय," भिकाजी म्हणाला, "पण ता खरा पण नाय."

सुगंधानं ती पिवळी पट्टी उलटून पाहिली. मग उठली आणि ताट त्याच्या पुढ्यात सरकवलं. "मगे सांगा. पण आधी जेवा. उपाशीपोटी तुमचा त्वांड उघडूचा नाय."

तो जेवला. बांगड्याचं सार आणि भात, पण चव कळली नाही. पट्टी त्यानं फडक्याखाली सरकवली, परत बाहेर काढली, परत सरकवली. कचऱ्याचं पिंप तीन पावलांवर होतं.

हमूद आला तो हातात कोवळ्या मक्याची कणसं घेऊन, सुगंधासाठी. नळी सुटलेली बघून त्यानं टाळ्याच वाजवायच्या बाकी ठेवल्या. भिकाजीनं त्याला बुडाशी तडा दाखवला आणि सांगितलं की, ही बंदूक आता चालवायची नाही, कधीच नाही. हमूदनं नळी डोळ्यांजवळ धरली. त्याचा चेहरा उतरला, पण फार नाही. वाईट बातम्या पचवायची त्या माणसाला सवय होती. दोन मुलं पुरली होती त्यानं.

"पुराना हो गया," तो म्हणाला. "मेरे जैसा. लोहा भी क्या करेगा. तुम बुरा मत मानो, उस्ताद, तुमने तो अच्छा बनाया था."

असं आयतं सुटायला मिळणं माणसाच्या नशिबात क्वचित येतं. नुसती मान डोलवायची होती. भिकाजीची मान डोलायला निघालीही होती. शेडच्या दाराशी सुगंधा कणसं घेऊन उभी होती आणि त्याच्याकडे न बघता जमिनीकडे बघत होती.

भिकाजीनं फडकं बाजूला केलं आणि पट्टी हमूदच्या हातावर ठेवली.

"अच्छा नहीं बनाया था," तो म्हणाला. "ये डिब्बे का पत्रा है. मैंने लगाया था. उस दिन मेरे हाथ से आटा खराब हुआ, मैंने बोला नहीं. डर गया. पत्रा लगाया, नीचे पिन मारा. वो पिन के छेद से ही फटा है. पुराना होने से नहीं फटा. मेरे काम से फटा."

हमूदला आधी नीट कळलं नाही. त्यानं पट्टी उलटसुलट केली, गाईच्या कानावरून अंगठा फिरवला. मग भिकाजीनं पट्टी आट्यांवर ठेवून दाखवली, पिन भोकात घालून दाखवली, आणि हमूदला समजलं. तो खुर्चीवर बसला. मग हमूद बोटांवर मोजू लागला. भावाच्या लग्नात भावानं चालवली. थोरला नातू सैफ जन्मला तेव्हा आपण स्वतः. मधला सालिम जन्मला तेव्हा. बदर जन्मला तेव्हा बदरच्या बापानं, आणि त्या वेळी बाळाला कडेवर घेऊन त्याची आई मागेच उभी होती. सैफच्या लग्नात. प्रत्येक ईदला. तो एकेक नाव घेत होता आणि प्रत्येक नावाला भिकाजीच्या छातीवर कुणी हातोडा ठेवत होतं. शरमेनं माणूस मरत नाही, नाहीतर तो तिथेच मेला असता.

"अल्लाने बचाया," हमूद शेवटी म्हणाला. "तुमने नहीं."

"हां," भिकाजी म्हणाला.

हमूद उठला. बंदूक घेतली नाही, थर्मास घेतला नाही. पट्टी मात्र त्यानं अंगातल्या पायघोळ दिशदाशाच्या खिशात टाकली आणि काठी टेकत निघून गेला.

तीन दिवस तो आला नाही. भिकाजीनं त्या तीन दिवसांत कुठल्याच कामाला हात लावला नाही. कुणी पंपही आणला नाही. ही बातमी पसरली म्हणून की नुसताच योगायोग, हे त्याला समजायला मार्ग नव्हता, आणि विचारायची हिंमत नव्हती. रोज सकाळी तो शेड उघडायचा, सुट्या भागांवरचं फडकं झटकायचा आणि बाकावर बसायचा. जनार्दन चहाला बोलवायला आला तर डोकं दुखतंय म्हणाला. सुगंधा खोकी भरत राहिली. तिनं एकदाही "मी सांगितलं होतं" असं म्हटलं नाही, आणि बायकांच्या जातीत हे किती अवघड असतं ते नवऱ्यांनाच ठाऊक.

चौथ्या दिवशी हमूद आला. सलाम केला, खुर्चीवर न बसता सरळ वाइसजवळ गेला. घरच्यांशी बोलणं झालं होतं. बंदूक विकायची नाही, फेकायची नाही. पण उद्या आपण मेलो, पोरांना तडा आठवला नाही आणि कुणी उत्साहानं दारू भरली तर. म्हणून नळीत बुडाच्या जरा पुढे असं भोक पाडायचं, की पुन्हा कुणाला तिच्यात बार भरताच येऊ नये.

"तुम करो," तो म्हणाला. "तुमने एक छेद छुपाके किया. ये सामने करो."

भिकाजीनं नळी ड्रिलखाली ठेवली. नळी गोल, ती धरायला शिकंजा लावायला हवा होता, पण हमूदनं आपले दोन्ही हात पुढे केले आणि नळी दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर दाबून धरली. भिकाजी नको म्हणाला. हमूदनं हात काढले नाहीत. तेव्हा भिकाजीनं शिकंजाही आवळला आणि हमूदचे हातही राहू दिले. ड्रिल हळूहळू उतरलं. लोखंडाचे कुरळे तुकडे हमूदच्या मनगटांवर पडत होते, तेही त्यानं झटकले नाहीत. पातं आतल्या पोकळीत उतरलं तेव्हा आवाज बदलला, आणि दोघांनाही ते कळलं. शंभर वर्षं त्या घरातल्या प्रत्येक जन्माची आणि लग्नाची वर्दी देणारी बंदूक तिथे मुकी झाली. हमूदच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही, खांद्यावरच्या कपड्यानं पुसलं.

जाताना तो एवढंच म्हणाला की, बुधवारी बदर येऊन घेऊन जाईल, जोडून ठेव. लग्नाला ये असं म्हणाला नाही.

जोडायचं म्हणजे नुसतं पिळून ठेवलं तरी चाललं असतं. जी बंदूक कधी चालणार नाही तिचे आटे कोण तपासतो. पण भिकाजीनं त्या चार दिवसांत जे काम केलं तसं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. नळीचं खराब बूड त्यानं लेथवर साफ उतरवलं, त्यावर पोलादी बुश, म्हणजे जाड कडं, घट्ट चढवला, आणि बुशावर नवे आटे पाडले. केसाचाही निम्मा, एकेक काप. मध्ये थांबून चहा प्यायचा, हात थरथरत असेल तर त्या दिवशी पुढे जायचा नाही. पेटीवरचं जुन्या पिनेचं भोक त्यानं बुजवलं नाही, तसंच ठेवलं. सुगंधा एकदा येऊन म्हणाली, शोभेला ठेवायची वस्तू, तिच्यासाठी एवढं का. भिकाजी म्हणाला, माका बघूचा आसा, जमता काय ता. मंगळवारी संध्याकाळी नळी पेटीत बसली, आणि शेवटच्या पाव वेढ्याला जेवढा जोर लागायला हवा तेवढाच लागला, कमी नाही, जास्त नाही. पत्रा नाही, पिन नाही. त्यानं ती सोडवायचा प्रयत्न केला आणि त्याला ती सोडवता आली नाही.

बुधवारी बदर आला, आदबीनं सलाम करून बंदूक घेऊन गेला.

गुरुवारी दुपारी पिकअप दारात उभा राहिला तेव्हा भिकाजी बनियनवर खोक्याला दोरी बांधत होता. गाडी बदरच्या चुलतभावानं आणली होती. आजोबांनी पाठवलंय, दोघांना, एवढंच त्याला माहीत होतं. सुगंधानं कपाटातून ठेवणीतलं लुगडं काढलं आणि भिकाजीनं पांढरा शर्ट.

गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात ढोल वाजत होते. बायका एका बाजूच्या घरात होत्या, सुगंधा तिकडे गेली. पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहून गात होते, अधूनमधून कुणी बंदूक आभाळाकडे करून बार काढत होतं आणि निळा धूर खजुरांच्या शेंड्यांपर्यंत जात होता. भिकाजी अगदी मागे, गाड्यांच्या आडोशाला उभा राहिला. कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं तर त्याला वाटायचं, यालाही माहीत आहे. कदाचित होतंही.

मग तरुण पोरं मधल्या जागेत उतरली. इकडे हा रिवाज आहे, गाणं चढलं की तलवार नाहीतर बंदूक उंच फेकायची, ती हवेत गिरक्या घेते, आणि खाली येताना एका हातात झेलायची. बदर नवरदेवाच्या कपड्यांत होता. त्याच्या हातात ती बंदूक होती. आजूबाजूच्या बंदुका वाजत होत्या, त्याची वाजत नव्हती, आणि हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. ढोलाचा ठेका वाढला. बदरनं गुडघे वाकवले आणि बंदूक वर फेकली.

चार किलोंचं लोखंड आणि लाकूड, दोन माणसं उंच. भिकाजीचे डोळे सांध्यावर खिळले होते. एक गिरकी, दुसरी, आणि मग दस्ता बदरच्या तळव्यात आपटला. फक्त तळव्याचा आवाज आला. आत कुठे काही खुळखुळलं नाही, काही डुगडुगलं नाही. त्यानं ती पुन्हा फेकली, आणखी उंच. ती पुन्हा तशीच अख्खी खाली आली. रांगेतून आरोळी उठली. भिकाजीला रडू आलं, आणि गाड्यांच्या आडोशाला उभं राहिल्याचं त्याला बरं वाटलं.

समोर सतरंजीवर गावची म्हातारी माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्यांच्या मधोमध हमूद होता. त्यानं मान वळवली, गाड्यांच्या दिशेनं पाहिलं, शोधलं, आणि भिकाजी दिसल्यावर पुन्हा समोर बघू लागला. हाक मारली नाही की हात केला नाही. पण तो जरा डावीकडे सरकला, त्याच्या बाजूच्याला सरकायला लावलं, आणि त्याच्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा झाली. ती तशीच रिकामी राहिली, कुणी तिथे बसलं नाही.

भिकाजी गाड्यांमधून पुढे आला. रांगेला वळसा घालून सतरंजीच्या कडेशी पोचला आणि त्यानं चपला काढल्या.